चिलखतावरचं कुंकू

“आगं पोरी, काय केलंस ह्ये!” म्युझियमचा म्हातारा वाचमन वरडला आन् माज्या हातातली कुंकवाची पुडीच पडली. काखंतली लेक रडाया लागली.

साताऱ्याच्या त्या म्युझियममदी लोखंडी कड्यांचं चिलखत उगडंच हुबं केलं हुतं. दसऱ्याला आमी गावी, कुंडलला, घरच्या कोयत्याला, कुऱ्हाडीला कुंकू लावतो, तसं मी वल्या बोटानं त्याच्या छातीवर लावलं. मालक मिलिटरीत, बार्डरवर हायत. चार दिस फोन न्हाई.

वाचमन लंगडत आला. कमरंला फौजेचा जुना पट्टा, खांद्यावर मऊ फडकं. मला वाटलं आता पोलीस बोलवतोय. पर त्यो कड्यांवर हळूच हात फिरवाया लागला, तापल्याल्या लेकराच्या अंगावर फिरवावा तसा.

“गंजंल पोरी. पुसाया लागंल.”

“नगा काका! कुंकू पुसू नगा. मालकास्नी काय झालं म्हंजी?”

त्येनं चिलखताच्या बगलंखालच्या तुटल्याल्या कड्या दावल्या. “मीबी फौजेतलाच. पंधरा वर्सं ह्येला पुसतोय. घालणारा घरी पोचला का न्हाई, कुटंच लिवल्यालं न्हाई. मी आपलं रोज म्हंतो, पोचला आसंल.”

फडकं माज्या हातात देऊन त्यो भिताडाकडं तोंड करून हुबा ऱ्हायला. “सायेब यायच्या आत ठरव. तसंच ऱ्हायलं तर माजी नोकरी जाईल. पर तुला पूस म्हनायला माजी जीभ रेटत न्हाई.”

मी पुसलं. फोन आजून आल्याला न्हाई. माज्या जागी तुमी पुसलं आसतं का वं?