माश्यांचा प्रस्ताव

रत्नागिरीत आंबेवाल्याला कधीही विचारा, "यंदा आंबा कसा?" तो मान हलवून सांगेल, "काय खरा नाय." मागे झाड फळांनी वाकलेलं असलं तरी हेच. आपल्या चांगल्या गोष्टीला चारचौघांत चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, ही आमची पक्की समजूत. माझे बाबा तर यात उस्ताद. माझा दहावीचा निकाल विचारायला आलेल्या शेजारणीला त्यांनी "झाली एकदाची पास" असं अशा चेहऱ्याने सांगितलं, की ती बिचारी माझी समजूत घालून गेली. मी शाळेत पहिली आले होते.

अशा घरातली मी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि मला संशोधनासाठी अनुदान हवं होतं. म्हणजे आपली कल्पना किती चांगली आहे, हे परक्या माणसांना सांगणं आलं.

कल्पना साधीच होती. हापूसच्या मोहोरावर माश्या येतात, म्हणून फळ धरतं. बागेच्या कडेला कातळावर उगवणारं गवत, झुडपं साफ न करता राखली, तर माश्या जास्त येतील का? कित्येक मोसम हा प्रश्न मी उराशी बाळगून होते. पण कॉलेजातून एकच प्रस्ताव पुढे जाणार होता. अर्ज लिहिण्याआधी कल्पना तोंडी मांडायची आणि ऐकायला पुण्याहून आलेले एक निवृत्त सर. ते हो म्हणाले तरच अर्ज.

मी माश्यांचे फोटो दाखवले, बरी बोलले. शेवटी सरांनी विचारलं, "मॅडम, यात नवीन काय आहे?"

"तसं विशेष काही नाही, सर. आपलं थोडंफार बघायचं."

"आणि उपयोग?"

"होईल, झाला तर."

आमचे विभागप्रमुख इथलेच. त्यांना माझं बोलणं बरोबर कळलं आणि ते जोरजोरात खोकू लागले. सरांनी मात्र प्रत्येक शब्द खरा धरला आणि पेनाला टोपण लावलं. विभागप्रमुखांनी कशीबशी गळ घातली, की सकाळी निघण्याआधी मॅडमच्या घरची बाग तरी बघा.

घरी येऊन मी सगळं सांगितलं आणि बाबांवरच उखडले. "तुमच्यामुळे मला धड बढाईसुद्धा मारता येत नाही!"

"मग काय, चांगला आहे म्हणून सांगायचा? काय बिघडला म्हणजे?"

"बिघडायचं काय राहिलंय? उद्या सर नाही म्हणाले की संपलं." मला रडूच आलं.

सकाळी सर पालीच्या रस्त्यावरच्या आमच्या बागेत आले. कलमांना पान दिसत नव्हतं, इतका मोहोर. सरांनी सहज विचारलं, "काय हो, यंदा मोहोर कसा आहे?"

झालं, असं मी मनात म्हटलं. बाबांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. थंडीच्या दिवसांत त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"चांगला आहे," ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की सर पुढे वाकले. मग बाबांनी घसा खाकरला. "झकास आहे. आणि हिचा कामपण झकास आहे. काल ही विशेष नाय म्हणाली ना, ता खरा नाय. दरवर्षी मोहोर आला की ही झाडाखाली बसून माश्या बघते. आमच्याकडे असा कोणी केलान नाय."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही माझी पहिली स्तुती, तीही भर मोहोरात. मला आनंद झाला आणि त्यांची काळजीही वाटली.

सर बराच वेळ एका मोहोराशी माश्या बघत उभे राहिले. निघताना म्हणाले, "अर्ज लिहा, मॅडम. पण या वेळी खरं लिहा."

गाडी वळली न वळली तोच बाबा घरात गेले आणि मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन धावत आले. ते कलमांची दृष्ट काढणार, म्हणून मी वाट सोडून बाजूला झाले.

"तू कुठं चाललीस? उभी ऱ्हा," ते म्हणाले, आणि मूठ माझ्यावरून उतरवू लागले.