गुळगुळीत पाठीचा कागद

त्या कागदाची पाठ माझ्या बोटांना आजही आठवते.

ब्रह्मपुरीकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभार तेव्हा माझ्याकडे होता. तलावाच्या ठेक्यावर डोळा असलेल्या एका इसमाने खबर दिली, की मासेमारांनी आपल्या हक्कासाठी दाखवलेला मालगुजाराचा, म्हणजे इंग्रजी काळातल्या गावमालकाचा, जुना छापील जाहीरनामा बनावट आहे, कॉम्प्युटरवर काढलेला आहे. पंचांसमक्ष कागद जप्त केला. तो सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मासेमाराला चौकशीला बोलावलं. कागद खोटा ठरला असता तर त्याला अटक झाली असती आणि वस्तीचा तलावही गेला असता.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. शिकवलेलं मला फार पक्कं वाटायचं. जुन्या छपाईत शिशाच्या अक्षरांचे खिळे कागदात रुततात, मागे उठाव लागतो, असं प्रशिक्षणात ऐकलं होतं. बोट फिरवलं. पाठ गुळगुळीत. मनात मी निकाल लावून टाकला.

"भाऊ, प्रिंटर कुठी लपवला?" हवालदाराने विचारलं.

"तलावातल्या डोंग्यात हाय साहेब. मासे छापून राह्यलो," म्हातारा म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "मले सही येत नाई. मी जाहीरनामा कसा लिहीन?"

गुन्हा नोंदवण्याआधी जाणकाराचं मत घ्यावं म्हणून गावातल्या छपाईवाल्या चाचांकडे गेलो. खरं सांगायचं तर माझंच म्हणणं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पाठ काऊन चाचपता साहेब? हा लिथो हाय. लिथोग्राफी म्हंजे दगडावर लिहिणं. इथी खिळेच नाईत, तर उठाव कुठून येईन?"

माझा चेहरा पाहून त्यांनी आजोबांचा घासून सपाट केलेला दगड काढला. तेलकट पेन्सिलीने त्यावर उलटं अक्षर लिहिलं, डिंकाचं पाणी लावून थोडं थांबले. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला. ओल्या दगडाने शाई घेतली नाही, तेलकट अक्षराने घेतली. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला. अक्षर सुलट उमटलं. मी कागद उलटला. गुळगुळीत!

"पण एवढ्यानं हा जुना ठरत नाही," मी चाचरत म्हणालो.

चाचांनी जाहीरनाम्यावरच्या केसाएवढ्या तिरप्या रेघेवर बोट ठेवलं. "दगडाले तडा होता. त्या दगडाच्या हरेक कागदावर ही रेघ येईन. जाहीरनामा कोणी एकच छापते का? दुसरा हुडका."

चार दिवस फिरलो. पलीकडच्या गावात, मासेमारांशी काही संबंध नसलेल्या एका घरी, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी कित्येक वर्षांपासून अंथरलेला दुसरा कागद सापडला. तीच रेघ त्याच अक्षरांना कापत गेली होती. पंचनामा केला, खबर खोटी असल्याचा अहवाल पाठवला.

मला एकच कसोटी येत होती आणि ती मी भलत्याच कागदाला लावली. त्यानंतर जेव्हा जेव्हा खात्री वाटली, तेव्हा मी आधी विचारू लागलो, ही वस्तू तयार कशी होते?

कागद परत देताना मी म्हाताऱ्याला म्हणालो, "भाऊ, चूक माझी होती."

त्याने कागद घडी न घालता छातीशी धरला. "जातो साहेब," तो म्हणाला. "मासे छापाचे राह्यले."