अंगणात उतरलेले गोविंदा

खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, घरचेही म्हणाले. माझ्याच मनाला तेवढं ते पटत नव्हतं. तेलुगू मुलखातल्या मावला गावी सडकेला लागून आमचं घर आणि मागे वांगी-टोमॅटोची वाडी. उभा जन्म निंदण्या-खुरपण्यात गेला, उजव्या खुब्याचा सांधा पार झिजला, म्हणून तो काढून नवा बसवला. घरी आल्यावर सांगितलेल्या कसरती मी मन लावून करत होते. पण एका सकाळी ओल्या ओसरीवर वॉकर सरकला. सुनेने मागून धरलं म्हणून पडले नाही. डॉक्टरांनी तपासलं, सांधा जागेवरच होता. माझा धीर मात्र गेला तो गेलाच. पाय उचलायचं म्हटलं की वाटे, आता निखळतो.

मग मी पलंगच धरला. अगदी गरजेपुरती सुनेचा आधार घेऊन उठायची. वॉकर ओसरीच्या कोपऱ्यात गेला आणि त्याच्यावर घरातले टॉवेल वाळू लागले. आमचे हे वाडीतून आले की म्हणायचे, "अवं, डॉक्टर सांगून राह्यला, पाय हलवला नाही तं जन्मभर लंगडशीन."

"मी आता बालाजीवर सोडलं," मी तोंड भिंतीकडे करून म्हणायची. पण खरं सांगायचं तर मी त्याच्यावर रुसले होते. सकाळचा दिवासुद्धा सुनेवर टाकला होता. इतकी वर्षं नाव घेतलं, त्याचं हेच फळ का, असं मनात यायचं आणि मग त्या विचाराचीच भीती वाटायची.

थंडीचे दिवस होते. सुनेने मला ओसरीवर उंच खुर्चीत उन्हाला बसवलं होतं. तेवढ्यात समोर सडकेवर एक बस थांबली. टायर पंक्चर झाला होता. पिवळी वस्त्रं नेसलेली तेलुगू माणसं उतरली. तिरुपतीला निघालेली. पाणी मागायला आली आणि अंगणातल्या लिंबाखाली टेकली. सून शाळेत तेलुगू शिकलेली, ती त्यांच्याशी बोलत पाणी देऊ लागली.

त्यांच्यातली एक म्हातारी, अंगाने भरलेली, कपाळावर मोठं कुंकू, ओसरीवर आली. टॉवेल लादलेला वॉकर पाहून तिला असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. मग स्वतःच्या खुब्यावर थाप मारून ती काहीतरी म्हणाली.

"आई, ह्यायचंबी तुमच्यावानीच ऑपरेशन झालं म्हणते," सून म्हणाली. "काऊन बसून राह्यल्या, असं इचारते."

"सांग तिला, मले भेव वाटते."

सुनेने सांगितलं. म्हातारी हसायची थांबली. माझा हात घेऊन तिने आपल्या खुब्यावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. नंतर टॉवेल एकेक करून घडी घातले, वॉकर माझ्यापुढे आणला आणि म्हणाली, "लेवम्मा." ऊठ बाई.

मी मान हलवली. तिने आग्रह केला नाही. खिडकीचे गज धरून ती स्वतःच उभी राहिली, माझ्या कसरतीतल्यासारखाच एक पाय मागे उचलला आणि मोठ्याने म्हणाली, "गोविंदा!" बालाजीचं नाव ऐकताच अंगणातली माणसं सवयीने ओरडली, "गोविंदा!" तिने पाय बाजूला नेला, पुन्हा तोच गजर. मग लिंबाखालचा एक म्हातारा झाडाला धरून पाय उचलू लागला, त्याचं पाहून दुसरा, मग बायका एकमेकींचे खांदे धरून. सगळं अंगण पाय हलवत होतं! मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी गळू लागलं. आणि त्या हसण्यात मी वॉकर धरून केव्हा उभी राहिले, मला कळलं नाही. सून मागे हात पसरून होती, पण तिला धरावं लागलं नाही. पुढच्या गजराला माझाही पाय उचलला गेला. सांधा होता तिथेच होता.

बसचा हॉर्न वाजला. म्हातारीने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि ती निघून गेली. नाव विचारायचंही सुचलं नाही.

टायर पंक्चर होतात, बसगाड्या कुठेही थांबतात. त्यात देवाचं काय होतं, काय नव्हतं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला एवढंच उमगलं की मी बालाजीवर सोडलं म्हणत होते, पण सारा भार पलंगावर टाकून मोकळी झाले होते. त्याच्यावर सोडायचं तर आधी पाय उचलावा लागतो. त्या दिवसापासून मी कसरत करताना त्याचं नाव घेते. दुखतं तेव्हाही घेते, आणि कंटाळा आला तर जरा मोठ्याने घेते.

उन्हाळा लागायच्या आत मी काठी टेकत एकटीच वाडीत गेले. हे पाणी देत होते. मला बांधावर पाहून यांच्या हातातलं फावडं तसंच राहिलं, पाणी सरी सोडून भलतीकडे वाहू लागलं.

"अवो, पाणी पाहा ना!" मी ओरडले.

"वाहू दे वं," ते म्हणाले. "तू ये."