होडीवाली मशीन

शांतीबाईंना राग आला की त्या हातातली कात्री आधी खाली ठेवतात आणि मग बोलतात. रामवाडीतल्या त्यांच्या शिवणक्लासच्या पोरींना हे पक्कं ठाऊक आहे. कात्री टेबलावर खट्‌कन वाजली की सगळ्या माना खाली जातात. पेणमधल्या कितीतरी पोरी ब्लाऊज बेतायला याच टेबलाशी शिकल्या आणि प्रत्येकीने पहिल्या दिवशी एकच पाढा म्हटला, 'सुईची चपटी बाजू डावीकडे.' सुईच्या मानेला एक अंग गोल असतं, एक चपटं. ती उलटी बसली तर टाका पडत नाही. बाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी त्या हेच सांगतील.

त्या दिवशी मात्र हातात कात्री नव्हती, फोन होता. त्यामुळे राग सरळ बाहेर आला. फोनवर त्यांची भाची मृणाली होती, रोह्याला राहणाऱ्या धाकट्या भावाची, दत्तात्रेयची मुलगी.

"आत्या, बाबा आजीच्या मशीनचा लॅम्प करतायत," ती हळूच म्हणाली. "उद्या वायरमन येणार हाय. मधून ड्रिल मारून वायर काढायची आणि वर बल्ब. आपल्या खांब गावच्या फार्मवर ठेवणार. पाहुण्यांना जुनं कायपण आवडतं ना."

"बल्ब लाव म्हणावं तुझ्या बापाच्या डोक्याला!" बाई कडाडल्या. क्लासमधल्या पोरी कात्री वाजायच्या आधीच गप्प झाल्या.

ती मशीन म्हणजे पुतळीबाईंची, शांती आणि दत्ता यांच्या आईची. हाताने फिरवायची, काळी, वजनाला जात्याएवढी. शेतातून भात आणि वाल मिळायचे, बाकीचं सगळं त्या मशीनमधून. गावातली झबली, परकर, भाताच्या पिशव्या, सगळं पुतळीबाई शिवायच्या. आणि पोरांपैकी कुणी हात लावला तर हातावर फटका बसायचा. "मोडलीस तर खायचं काय गो?" एवढंच उत्तर. शांती लांब बसून बघायची. शिवण शिकली ती लग्नानंतर, पेणला, दुसऱ्यांच्या मशीनवर. आई गेली तेव्हा मशीन भावाच्या माळ्यावर गेली, तशा सगळ्याच वस्तू जातात. शांतीबाईंनी मागितली नाही. बहिणीने मागितलं नाही म्हणजे तिला नको होतं, असं समजणारे भाऊ घरोघरी असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने बाई खांबला उतरल्या. पोपटीचे, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजून खायचे दिवस, त्यामुळे दत्ताच्या फार्मवर मुंबईची माणसं भरलेली. ओट्यावर टेबल, टेबलावर मशीन, आणि शेजारी लॅम्पची पिवळी शेड तयारच. दत्ता आणि मृणाली तिथेच उभे होते.

"दत्त्या, ही मला दे."

"आक्का, तुझ्याकडं दोन हायत की! आणि ही मेलेली हाय. रोह्याचा मिस्त्री बघून गेला, खलास म्हणला. टाकाच पडत नाय."

"मी पाडला तर?"

दत्ता हसला. माणूस वाईट नाही, पण जिथे तिथे पैज लावायची खोड लहानपणापासून. "बरं. वायरमन यायच्या आत शिवून दाखव आणि घेऊन जा. पण चिंधीवर दोन टाके घातलेले चालणार नाय. भाताची पिशवी शीव, आई शिवायची तशी. मी भरून खांद्यावर घेणार. उसवली तर लॅम्प."

"व्हय," बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

आधी ही मशीन कोण, कुठली, ते बघायला हवं होतं. सोनेरी नक्षी झिजलेली, नाव तर पारच पुसलेलं. "काळी म्हणजे सिंगरच," दत्ताने ठोकून दिलं. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. नाव पुसलं तरी पोट लपत नाही. त्यांनी सुईजवळची सरकती पत्री बाजूला केली आणि त्या आत डोकावल्या. रोजच्या मशीनमध्ये असते ती खालच्या दोऱ्याची गोल बॉबिन नव्हतीच. तिच्या जागी पोलादाची लांबट, टोकदार होडी, आणि होडीच्या पोटात बारीक काडीसारखी बॉबिन. मृणालीने पत्रीखालचा नंबर शोधला आणि फोनवर चित्रांशी चित्रं ताडून बघितली.

"आत्या, ही गोल बॉबिनच्या आधीची जात हाय. शंभरीच्या आसपासची असेल."

"म्हणजे आजीपेक्षा म्हातारी," बाई म्हणाल्या. "आणि तुझा बाप तिच्या छातीत भोक पाडतोय."

मशीन जड फिरत होती. बाईंनी बोट लावून हुंगलं आणि दत्ताकडे बघितलं. "हिला खोबरेल कुणी पाजलं?"

दत्ता खाकरला. "चांगलं असतं ना ते..."

"डोक्याला! मशीनमध्ये त्याचा डिंक होतो." रॉकेलने पुसून, जुन्या टूथब्रशने घासून, मशीनचं तेल सोडून त्यांनी एकेक सांधा मोकळा केला. दांडा हलका फिरू लागला. मुंबईचे पाहुणे चहाचे कप घेऊन भोवती जमले. बाईंनी नवी सुई घातली, दोरा ओवला, कापड सरकवलं आणि दांडा फिरवला.

टाका नाही. सुई खाली जाते, वर येते, कापडावर नुसती भोकं. दोरा बदलला, ताण सैल केला, मग घट्ट केला. पुन्हा भोकं. दत्ताने गंमत म्हणून पिवळी शेड मशीनवर धरून बघितली. बाईंनी कात्री खाली ठेवली. पण बोलल्या काहीच नाहीत. मृणालीचा चेहरा पडला. पोरीला वाटलं, आत्या आता रडणार. बाईंना रडू येतच होतं. आईने हिला कधी हात लावू दिला नाही, आणि आता हीही आपल्याला ओळख देत नाही, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यभर शिवलं, आणि घरच्या मशीनवर हात चालेना.

पण रडायचं तर नंतर रडता येतं. त्यांनी दोरा काढून टाकला, पत्री पुन्हा सरकवली, नाक मशीनला टेकवलं आणि दांडा मुंगीच्या चालीने फिरवला. सुई खाली गेली, जराशी वर आली, आणि त्याच वेळी होडीचं टोक तिच्या अंगाला घासून पुढे गेलं. तिथेच वरच्या दोऱ्याचा फास उचलला जायला हवा. बाईंनी पुन्हा बघितलं. होडी सुईच्या उजवीकडून जात होती.

उजवीकडून! रोजच्या मशीनचा दोरा पकडणारा हूक डावीकडून येतो, म्हणून चपटी बाजू डावीकडे. हा नियम त्या मशीनचा होता. त्याला जगाचा कायदा केला तो बाईंनी. पोरींकडून घोकून घेता घेता स्वतःच्याच हाताला इतकी सवय लागली की डोळ्यांना विचारायचं राहून गेलं. रोह्याच्या मिस्त्रीलाही तीच सवय, बिचारा. बाई एकट्याच खदाखदा हसत सुटल्या. दत्ता घाबरून म्हणाला, "आक्का, पाणी देऊ का?"

"सुई फिरवते, थांब!" त्यांनी सुईची चपटी बाजू उजवीकडे केली, दोरा डावीकडून ओवला आणि दांडा फिरवला.

टक, टक, टक. कापडावर एका रांगेत टाके पडत गेले, बारीक आणि सारखे. मृणाली आनंदाने ओरडली. बाईंचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. आता थांबायचं कशाला? गादीच्या जाड कापडाची पिशवी बेतली आणि कडा दुहेरी दुमडून वरून पुन्हा शिलाई मारली. चार पदर एका जागी आले तिथे मशीन कुरकुरली, तशी बाईंनी दांडा हळू केला आणि एकेक टाका हाताने पार केला. पायाच्या मशीनवर एवढा आवर राहत नाही. आई हीच का सांभाळून वापरायची, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

दत्ताने भात भरला. पिशवी भरली तरी आणखी दोन मापं कोंबली, लबाड. मग खांद्यावर घेऊन तो फाटकापर्यंत गेला, वळला, परत आला, आणि येताना मुद्दाम दोनदा उडी मारली. शिवणीचा एक टाका हलला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्ताने पिशवी खाली ठेवली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"आईची शिवण हाय ही," तो म्हणाला.

"आईची नाय. माझी हाय," शांतीबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. कात्री हातातच होती.

दत्ताने बहिणीकडे बघितलं आणि मान डोलावली. तेवढ्यात फोन वाजला. वायरमन कोलाडहून निघत होता. मोठा ड्रिल आणू की बारीक, विचारत होता.

"येऊ नको रे," दत्ता म्हणाला. "लॅम्प रद्द. मशीनची मालकीण आलेली हाय."