उभ्या गाड्यांवरची धूळ

गंगापूर रोडला माझं गॅरेज आहे आणि विमा कंपन्यांवर माझा राग आहे. गाडी ठोकल्यावर लोक यांना फोन करतात आणि शिव्या मात्र मला घालतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

२००४ साली रंगनाथदादा पहिल्यांदा आले, तेही गाडी न घेता. डोक्याला टोपी, हातांना झेंडूचा वास. जुन्या टायरवर बसले ते बसलेच. जेवायला घरी जायचे, की पुन्हा हजर. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, दादा, इथं काय तमाशा लागलाय का?

ते शांतपणे म्हणाले, गाड्या बघतोय. त्यांना फुलांसाठी व्हॅन घ्यायची होती, आणि तिचा विमा कुठला काढायचा ते माझ्या आवारात ठरत होतं. अपघाताच्या सहा गाड्या उभ्या होत्या. कुठली कधी आली, कुठल्या कंपनीची, नुकसान बघायला तिचा सर्व्हेअर किती दिवसांनी उगवला, सगळं त्यांनी माझ्या माणसांकडून काढून घेतलं होतं. एकीच्या काचेवर बोटभर धूळ होती, चाकाखाली गवत. त्या कंपनीचं त्यांनी नावच बाद केलं. मी म्हटलं, अहो, एजंटला विचारा की.

"बियाणं घेताना पुडीवरचं चित्र बघतो का आम्ही? शेजाऱ्याच्या वावरातलं पीक बघतो," ते म्हणाले. मग बोलले, "गाडी उभी ऱ्हायली का आमच्या कुसाला पुन्हा बसनं जावं लागंल, भाऊ. तिचा गुडघा गेलाय."

कुसाबाई म्हणजे त्यांची बायको. वीस वर्षं पहाटेच्या बसनं फुलांची पाटी घेऊन फुलबाजारात जायची. जागा मिळाली नाही की पाटी डोक्यावर धरून उभी. आता तिनं पुन्हा त्या बसच्या पायरीवर चढायचं नाही, एवढंच दादांनी मनात धरलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मीच चहा मागवला.

दोन वर्षं व्हॅन धावली. मग ऐन नवरात्रात अष्टमीला येवल्याकडून कांदे घेऊन आलेला एक टेम्पो मागं घेताना तिच्यावर आदळला. बंपर फुटला, दिवा गेला. कंपनीनं सांगितलं, मध्ये सुट्ट्या आहेत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस येईल, तोवर गाडीला हात लावू नका. गाडी माझ्या आवारात लावून, दादांना बजावून मी नांदगावला गेलो, सासरे दवाखान्यात होते. दादा झेंडू तोडायला मळ्यात गेले. घरी सांगायचं तेवढं राहून गेलं.

त्याच संध्याकाळी कुसाबाई रिक्षानं गॅरेजवर आल्या. दसऱ्याला वाहनाची पूजा करायची, आणि भंगलेल्या वस्तूला हळदकुंकू वाहत नाहीत. गाड्यांचे पोचे काढणारा आमचा भिका डेंटर तसा भाविक माणूस, आणि घाईत त्याला मी काही सांगून गेलो नव्हतो. त्यानं तासाभरात नवा बंपर, नवा दिवा बसवून दिला. दसऱ्याला व्हॅन झेंडू भरून बाजारात गेली.

दुसऱ्या दिवशी मी परत येऊन बघतो तर गाडी नवरीसारखी नटलेली! सर्व्हेअर अर्ध्या तासात येणार होता. कर्जाचे हप्ते थकलेत, त्यात क्लेम बुडाला तर गाडी विकावी लागेल, हे दादा माझ्याकडे न बघता बोलून गेले. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, हातोडी माझ्याकडे आहे, दोन ठोके मारतो, कुणाला कळणार नाही.

"हार घातलेल्या गाडीला हातोडी मारू? नाय जमायचं," दादा म्हणाले. सर्व्हेअर आला तेव्हा त्यांनीच घडलं ते सगळं सांगितलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फुटका माल तरी दाखवा, म्हणाले. मी भंगाराच्या ढिगाकडे धावलो. तिथं काही नव्हतं. मी भिकावर असा ओरडलो की तो बिचारा घाबरूनच गेला. म्हणाला, बंपर आणि दिवा तर कुसावहिनी घेऊन गेल्या.

दादांनी घरी फोन लावला, पलीकडचं ऐकलं आणि व्हॅन काढली. आले ते कुसाबाईंना पुढच्या सीटवर बसवूनच. त्यांच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं. गेल्या दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक त्या बंपरवर होतं, मग तो भंगारात कसा टाकायचा? गोदावरीत सोडायला म्हणून त्यांनी तो घरी नेला होता. कालच सोडायचा, पण गुडघा दुखत होता.

सर्व्हेअरनं लुगडं उलगडलं. फुटका दिवा, बंपरला तडा, त्याच तड्यात वाकलेली नंबरप्लेट. त्यानं नंबर ताडून पाहिला, फोटो काढले, दादांकडून जबानी लिहून घेतली. नियम मोडलाय, थोडी कपात होईल, पण मी मंजुरीसाठी लिहितो, म्हणाला. अकराव्या दिवशी मंजुरी आली. माझा कंपन्यांवरचा राग तेवढ्या एका कंपनीपुरता मी मागं घेतला.

त्या सकाळी सर्व्हेअर गेल्यावर मात्र मी दादांना धरलं. म्हटलं, चार दिवस बसून कंपनी निवडलीत आणि वहिनींच्या एका चुकीनं सगळं बुडत होतं.

दादा गाठोडं पुन्हा बांधत होते.

"चूक कशी? कुसानं गाडी एक दिवस तरी उभी ऱ्हाऊ दिली का?"

ते दोघं बंपर सोडायला नदीवर निघाले, तेव्हा व्हॅनचं दार मीच उघडून धरलं.