डावऱ्याचं ठिगळ

बंदराच्या मागच्या गल्लीत, दोरखंडवाल्याच्या वखारीला लागून एक लांबलचक खोली होती. आत एकही खांब नव्हता. खांब असता तर शीड पसरायचं कुठे? जमिनीच्या फळ्या वर्षानुवर्षं कापड ओढून इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की नवखा माणूस आत शिरला की हमखास पाय घसरून आपटायचा. कोपऱ्यात शिवत बसलेली बाई मान वर न करता म्हणायची, "या, बसलात ते बरं झालं."

तिला सगळं बंदर शिडवाली म्हणत असे. लग्न होऊन आली तेव्हा तिला उशीचा अभ्रासुद्धा धड शिवता येत नव्हता. सासऱ्यांनी शिकवलं. जाड्या कापडातून दाभण कसं रेटायचं, दोऱ्याला मेण कसं लावायचं, शिडाच्या कडेला दोर कसा जखडायचा, सगळं. सासरे तोंडाचे फटकळ. "हा टाका आहे की मुंग्यांची रांग?" असं म्हणून अख्खी शिवण उसवायला लावायचे. ती रडली नाही. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की गलबतवाले सासऱ्यांना बाजूला सारून तिलाच काम सांगू लागले. सासऱ्यांचा चेहरा तेवढ्यापुरता पडायचा, पण संध्याकाळी जेवताना तेच तिच्या पानात जास्त वाढायला सांगायचे.

नवरा डावखुरा. त्याला डावरा म्हणत. लहानपणी बापानं त्याचा डावा हात बांधून ठेवून पाहिलं, पट्टीनं मारलं, काही उपयोग झाला नाही. त्याचे टाके सगळ्यांच्या उलट बाजूला कलायचे. नवराबायकोनं मिळून शिवलेलं शीड पाहिलं की खलाशी हसायचे, "दिवसभर दोघं भांडत होते वाटतं, टाकेसुद्धा एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत."

डावऱ्याला ती खोली खायला उठायची. "शिडं शिवायची आपण आणि वारा खायचा लोकांनी," असं म्हणत तो एका मालवाहू गलबतावर शिडांची डागडुजी करणारा म्हणून चढला. त्या गलबताचं मोठं शीड तिनं नुकतंच शिवून दिलं होतं. जाताना त्यानं तिला सांगितलं, "तुझ्याच कापडाखाली झोपणार आहे मी, काळजी कसली करतेस?"

ते गलबत परत आलं नाही. वादळात गेलं, असं लोक म्हणाले. पाहिलं कुणीच नव्हतं. एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. सासऱ्यांचे डोळे आधीच अधू झाले होते, त्या वर्षात पार गेले. ते दिवसभर खोलीच्या दाराशी बसून सुनेनं शिवलेल्या शिवणी बोटांनी चाचपत आणि चूक सापडली तर खूश होत.

वारे फिरायच्या दिवसांत, एका दुपारी तिघं माणसं मोठं शीड खांद्यावर घेऊन आली. पुढचा माणूस घोगऱ्या आवाजाचा होता, घशात वाळू अडकल्यासारखा. तो घसरला नाही. दारातच थांबला, वाकून फळ्यांवरून हात फिरवला आणि चपला काढून आत आला. शिडवालीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. या जमिनीबद्दल त्याला कुणी सांगितलं होतं?

"मधोमध फाटलंय," घोगऱ्या म्हणाला. "परवापर्यंत हवं."

त्यांनी शीड पसरलं. ती गुडघ्यांवर बसून सरकत सरकत शिवण तपासू लागली. खालच्या कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला. दोर जखडून झाल्यावर दोऱ्याचं टोक उलटं वळवून आत दडपायची तिला खोड होती. सासरे त्यावरून तिला हजारदा बोलले होते. तो उलटा वळसा तिथे होता. दुसऱ्या कोपऱ्यालाही होता. हे तिचंच शीड होतं, डावरा गेला त्या गलबताचं. समुद्राच्या तळाशी कुजलेलं असायला हवं होतं, ते तिच्या जमिनीवर कोरडं पसरलं होतं.

तिनं मान वर केली नाही. ती पुढे सरकली. वरच्या अंगाला हातभर ठिगळ होतं. कापड वेगळं, नवं. त्याचे टाके उलटीकडे कललेले.

नेमके तेव्हाच सासरे दारातून उठून आले. नवं कापड आलं की त्यांना राहवत नसे. ते बसले, बोटं फिरवत फिरवत ठिगळापाशी पोहोचले. बोटं थबकली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे. त्यांचं तोंड उघडलं.

शिडवालीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "मामंजी, दाभण आहे तिथे, टोचेल."

सासरे जन्मभर फटकळ असले तरी खुळे नव्हते. ते गप्प झाले. पण त्यांच्या मनगटातली नाडी तिच्या बोटांखाली पाखरासारखी फडफडत होती.

"हे ठिगळ बरं लागलंय," ती घोगऱ्याला सहज विचारावं तसं म्हणाली. "कुणी लावलं?"

"आमच्यातलाच एक आहे. डावखुरा." घोगऱ्या हसला. "त्यानंच सांगितलं, मधली शिवण माझ्या एकट्याच्यानं व्हायची नाही. म्हणाला, मागच्या गल्लीत शेवटची खोली, जमीन जपून, बाई तोंडाळ आहे पण टाका पक्का. तिच्याकडेच न्या."

'आमच्यातलाच.' तो शब्द घोगऱ्यानं अगदी सहज उच्चारला होता. ते चाचे आहेत हे आता तिला कुणी सांगायला नको होतं. गलबत बुडालं नव्हतं, लुटलं गेलं होतं. आणि डावरा जिवंत होता. त्यानं तिच्याकडे शीड पाठवलं होतं. सोडव म्हणून, की शिवून दे आणि गप्प बस म्हणून, हे काही त्या कापडावर लिहिलेलं नव्हतं.

बरोबरचे दोघं निघून गेले. घोगऱ्या मात्र दारात बसून राहिला. "मी थांबतो. मला शिवण बघायला आवडते," तो म्हणाला.

तिनं सासऱ्यांना आतल्या खोलीत नेलं. त्यांनी तिच्या कानाशी लागून विचारलं, "टाका माझ्या पोराचाच ना?"

"हो."

"जिवंत आहे." म्हातारा उशीत तोंड खुपसून हसला की रडला, तिला कळलं नाही. "पोरी, छान शिवून दे. एक टाका सैल सोडू नकोस. त्याचा जीव आहे त्या कापडावर."

तिचाही तोच विचार होता. त्या दिवशी तिनं चांगल्या दोऱ्यानंच सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आली. नणंद म्हणजे बोलायला लागली की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायची चोरी. "वहिनी, आमच्या ह्यांचं शीड झालं का गं? उद्या पहाटे निघायचंय म्हणतात. कापडाचे गठ्ठे आणि तांब्याची भांडी, गलबत नुसतं ठासून भरलंय. आणि माणसं तरी किती कमी, दोघं आजारी पडले, आहेत तेवढ्यांनाच घेऊन चाललेत. मी म्हटलं, जरा थांबा, तर ऐकतील ते तांडेल कसले!"

"वन्सं, आत जा आधी, मामंजी वाट बघतायत."

पण घोगऱ्या दारातून मायेनं विचारत होता, "कुठल्या बाजूनं जाणार, ताई? दक्षिणेकडच्या खडकांकडून की बाहेरून?"

"खडकांकडूनच की. जवळ पडतं ना," नणंद म्हणाली. "तुम्हीपण दर्यावर्दी वाटतं?"

"तसंच काहीतरी," घोगऱ्या म्हणाला. त्यानं शिडवालीकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारणीनं सांगितलेली भाजीची कृती मनात धरावी तसा त्यानं नणंदेचा शब्दन् शब्द मनात ठेवला, आणि हे शिडवालीला त्याच्या मानेवरूनच कळलं.

नणंद गेल्यावर ती बराच वेळ हातात दाभण घेऊन बसून राहिली. ओरडावं तर घोगऱ्याच्या कमरेला सुरा होता आणि आत आंधळा म्हातारा. गप्प राहावं तर उद्या नणंदेच्या दारात ती स्वतःच सांत्वनाला जाणार. फळीवरच्या डब्यात एक जुनं रीळ होतं. छपराच्या गळतीत भिजून सडलेलं. वरून बघितलं तर कळायचं नाही, पण ताण आला की कापसासारखं तुटायचं. गाठोडी बांधायला म्हणून तिनं ते ठेवलं होतं. ती उठली आणि ते रीळ घेतलं. दोऱ्याला दुप्पट मेण चोळलं, इतकं की तो तारेसारखा ताठ झाला. मधली लांब शिवण तिनं त्या दोऱ्यानं शिवली. टाके मात्र आयुष्यात घातले नव्हते इतके सुबक घातले.

वाऱ्यात शीड फाटेल, मग त्यांना पळता येणार नाही, बंदराची पहाऱ्याची गलबतं त्यांना गाठतील, डावरा सुटेल. तिनं मनाशी एवढंच जुळवलं. त्यापुढचं तिनं मनात येऊ दिलं नाही.

संध्याकाळी घोगऱ्यानं शिवण दोन्ही मुठींत धरून ताणली. मेण कुरकुरलं, पण दोरा टिकला. "टाका पक्का," घोगऱ्या म्हणाला आणि माणसं बोलावून शीड उचलून नेलं.

ते वळणाआड होताच ती धावत नणंदेकडे गेली. "भावोजी, तुमच्या शिडाची कड विरलीय. दोन दिवस थांबा, नाहीतर माझं नाव बदनाम होईल." नणंदेचा तांडेल नवरा चिडला, पाय आपटले, "तुझ्या हातची कड विरली? मग जगबुडी जवळ आली!" असं म्हणाला, पण थांबला. तिथून ती पहारेकऱ्यांच्या चौकीवर गेली आणि खडकांमागे चाचे दबा धरून बसणार असल्याचं सांगितलं. कसं कळलं ते सांगितलं नाही. चौकीतल्यांनी हो हो म्हटलं आणि सकाळी बघू म्हणाले.

सकाळी बघायला वाऱ्यानं कुणाला सवड दिली नाही. पहाटेपासून तो समुद्राकडून जमिनीकडे असा सुटला की धक्क्यावरच्या होड्या एकमेकींवर आदळू लागल्या. लोक किनाऱ्यावर जमले. खडकांपलीकडून एक गलबत बाहेर पडायची धडपड करत होतं. मोठं शीड चढलं. गलबत कललं, सावरलं, वाऱ्याला तिरपं धरून उघड्या समुद्राकडे निघालं. शिडवाली गर्दीत उभी होती. तिनं पाहिलं, शीड वाऱ्यानं फुगलं आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, एका ओळीत उघडलं. आवाज इथवर आला नाही. गलबत आडवं फिरलं आणि खडकांवर गेलं. पहाऱ्याची गलबतं तोवर नांगरसुद्धा उचलू शकली नव्हती.

दुपारपर्यंत मोजकीच माणसं जिवंत काढली. घोगऱ्या त्यांत नव्हता. डावराही नव्हता, आणि नंतर किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांतही तो सापडला नाही. वाचलेल्यांत एक ठेंगणा स्वयंपाकी होता, चाच्यांनी दुसऱ्या एका गलबतावरून उचलून आणलेला. तो थंडीनं काकडत होता. शिडवालीनं त्याला आपल्या खोलीत नेलं, जुन्या शिडाच्या तुकड्यात गुंडाळून चुलीपाशी बसवलं आणि डावऱ्याबद्दल विचारलं.

"तो त्यांच्या पंगतीला जेवायचा," स्वयंपाकी म्हणाला. "आम्हा कैद्यांकडे बघायचासुद्धा नाही. पण काल रात्री शीड आलं तेव्हा एक गंमत झाली. त्यानं ते उलगडलं, मधल्या शिवणीवरचं मेण नखानं खरवडलं आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मला वाटलं, काही चुकलं असणार. घोगऱ्यानं विचारलं, काय रे? तर म्हणाला, काही नाही, झकास झालंय, चढवा."

शिडवालीनं चुलीत लाकूड सारलं. हात भाजला तरी तिला कळलं नाही.

"कैदी म्हणालास," ती म्हणाली. "किती होते?"

"आम्ही तिघं वरच्या कामाला होतो. बाकीचे खालच्या कोठडीत, बाहेरून कडी." स्वयंपाक्यानं एका हाताची बोटं उघडली, मग दुसऱ्या हाताची उघडायला लागला आणि मध्येच थांबला.

त्या रात्री सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. कैद्यांचंही. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिवणी चाचपायचं सोडलं. ती कापड त्यांच्या मांडीवर ठेवायची, ते बाजूला सारायचे. वर्षाच्या आत ते गेले. नणंदेला आणि तांडेलाला तिनं कधीच काही सांगितलं नाही. तांडेल मात्र ज्याला त्याला सांगत फिरायचा की वहिनीच्या हातची एक कड विरली म्हणून आपण वाचलो, आणि लोक हसायचे.

स्वयंपाकी घरी परत गेला नाही. त्यानं गल्लीच्या तोंडाशी छोटी खाणावळ काढली. थंडीत ऊब देणारी ही बाई त्याला बहिणीसारखी. येता-जाता हाक मारायचा, "ताई, दोन घास खाऊन जा." बरेच दिवस ती लांबच्या रस्त्यानं जायची. मग एकदा ती आत शिरली, कोपऱ्यातल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "खालच्या कोठडीत होते त्यांच्याबद्दल सांग."

त्यानं एकाबद्दल सांगितलं. तो झोपेत गायचा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याबद्दल सांगितलं, त्याला जुळ्या मुली होत्या. ती दर आठवड्याला यायची, पानात वाढलेलं सगळं संपवायची आणि ऐकायची.

एकदा त्यानं न राहवून विचारलं, "ताई, हे ऐकून तुम्हाला काय मिळतं?"

ती पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, "तू सांग. अजून बरेच राहिलेत."