पोतं शिवणारा हात

दिवाळीच्या सुट्टीत मी बीडहून गावी आलो, तेव्हा आईच्या उजव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. सोयाबीन काढताना विळा लागला होता. जखम भरत आली होती, पण सुई धरता येत नव्हती. आणि ओसरीवर धुऊन वाळवलेल्या जुन्या लुगड्यांची चळत गोधडीसाठी तयार होती.

ती गोधडी आक्काच्या बाळासाठी होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बाळ तीन महिन्यांचं. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी सकाळी टोळीचा ट्रॅक्टर येणार होता आणि आक्का, दाजी बाळाला घेऊन ऊसतोडीला जाणार होते. तिकडे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, भुईवर, बाळ पाच महिने झोपणार. खाली दगड-ढेकळं लागू नयेत एवढी जाड गोधडी हवी, आणि सपाट हवी. आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला पाठीखाली एक चुणी आली तरी रातभर रडंल. आन् आई दिवसभर कोयता चालवून आलेली. तिनं झोपायचं कवा?"

आक्काच्या मांडीवर सतत बाळ, शिवाय न्यायच्या सामानाची बांधाबांध. मी म्हणालो, "मी शिवतो."

"तुला येतंय व्हय?" आईनं विचारलं.

"पोती शिवतो की दरसाली."

हे मी गमतीनं म्हणालो नव्हतो. धान्याच्या पोत्याचं तोंड दाभणानं आणि सुतळीनं शिवण्यात माझा हात चांगला आहे. मला खरंच वाटलं, हे त्याच्यापेक्षा सोपं असणार.

आईनं शेजारी बसून मांडून घेतलं. तेव्हाच मला पहिल्यांदा जाणवलं की या कामात किती विचार आहे, आणि मी वीस वर्षं त्यावर नुसता झोपत आलो. आत फक्त सुती लुगडी घालायची. नायलॉनची साडी आत घातली तर थर एकमेकांवरून घसरतात. आतल्या तुकड्यांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथं गाठीसारखं लागतं. सगळे थर अंथरून पाण्याचा हबका मारायचा, हातानं चोपायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे, ते शेवटी उसवायचे असतात. शिवण कडेनं सुरू करून फेऱ्याफेऱ्यानं मध्याकडे न्यायची. दोरा हातभरच घ्यायचा. सुईचं टोक खालच्या हाताच्या बोटाला टोचलं की समजायचं, सगळे थर आले. गाठ आत ओढून घ्यायची.

पहिल्या दोन फेऱ्या तिच्या नजरेखाली झाल्या. मग ती शेतात गेली.

तिसऱ्या फेरीपासून माझा हात सुटला. गल्लीतला माझा एक मित्र दारावरून जाताना थांबला.

"काय बे, कालिजात हेच शिकवितेत का?"

"आक्काच्या लेकराला शिवतोय."

"मंग मला बी एक लंगोट शिव ना, बे. माप घेतो का?"

आक्का आतून ओरडली, "माप घ्यायला काय हाय तुज्यापाशी? जा, म्हशीला पाणी दाव!" तो हसत गेला. मला लाज वाटली, पण काम थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. टाके बारीक, एका रेषेत. मी पट्टीनं मोजून पाहिले, तेव्हा अभिमानच वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मधोमध गोधडीला पोट आलं. परातीएवढा फुगवटा. दाबला की शेजारी सरके. मी कच्चे टाके सोडून परत घातले, पाणी मारलं, वर पाटा ठेवला. पाटा उचलला की फुगवटा परत वर. तसंच शिवून टाकलं असतं तर तिथं चुण्यांचा डोंगर झाला असता, बरोबर बाळाच्या पाठीखाली. ट्रॅक्टर उद्या येणार होता.

आईनं पाहिलं. तिनं गल्लीच्या टोकाच्या मावशीला बोलावणं धाडलं.

ही मावशी मेंढपाळाच्या घरची. वर्षातले आठ महिने ती कळपामागं हिंडते, आणि तिच्या घोड्यावर लादलेल्या गोधड्या मी लहानपणापासून पाहत होतो, पण निरखून कधीच बघितल्या नव्हत्या. ती आली ती एका शेळीला शिव्या देतच. ओसरीच्या कडेला बसली, शेळी दारातल्या कडब्याकडे जाते का तिकडेच तिचं लक्ष. डावा तळवा मात्र तिनं गोधडीवर ठेवला आणि कडेपासून आत सरकवू लागली. सावकाश, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हड्! ये भवाने!" शेळीला म्हणाली. आणि तळवा थांबला.

"हितपस्तोर तुज्याजवळ कुणीतरी बसलंतं. हितनं पुढं तू एकलाच हुतास."

तळवा तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला थांबला होता. तिथंच आई उठून गेली होती. मी आईकडे पाहिलं. आईनं काहीच सांगितलेलं नव्हतं, मावशीनं गोधडीकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

"तुमाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळायचं काय त्यात. हात लाव की." तिनं माझा तळवा धरून दुसऱ्या फेरीवर ठेवला, मग तिसरीवर. मला दोन्ही सारख्याच लागल्या. तिनं परत फिरवला. परत. पाचव्यांदा की सहाव्यांदा, मला वाटलं की एक फेरी मऊ आहे आणि दुसरी ताणलेली, दोरीसारखी. वाटलं म्हणजे नक्की सांगता येणार नाही. पण काहीतरी होतं.

"पोतं शिवलंस तू," ती म्हणाली. "पोत्यात माल कोंडायचा असतो, म्हणून आवळायचं. हितं कुणाला कोंडायचंय? परत्येक टाक्याला तू सूतभर कपडा आत ढकललास. आता तो जाईल कुठं? मदी जाऊन बसला."

इतका मोठा फुगवटा, आणि तो माझ्या अकराशे-बाराशे सरळ, मोजलेल्या टाक्यांनी थोडा थोडा करून तिथं नेऊन ठेवला होता. एकही टाका वाकडा नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आधी थक्क झालो.

"असा का बसलास? उसव," मावशी म्हणाली.

नऊ फेऱ्या उसवल्या. आक्का बाळाला झोळीत टाकून उसवायला बसली. "मामाची करामत बघ," बाळाला म्हणाली, "येक दिस शिवतो, येक दिस उसवतो. म्हंजी सुट्टी बराबर सरती." आई हसली, त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच.

मग मावशी माझ्या समोरच्या बाजूला बसली आणि शिवू लागली. शिकवणं म्हणून तिनं एवढंच केलं: चार टाके घालायची, दोरा ओढायची, आणि शिवलेल्या भागावरून तळवा उलट दिशेनं, मागं फिरवायची. त्यासरशी दोरा थोडासा परत आत जायचा.

"जेवढा मागं जातो तेवढा जाऊ द्यावा," ती म्हणाली. "त्यो कपड्याच्या हक्काचा हाय."

मी तसं करू लागलो. माझे टाके तिच्यापेक्षा लहान-मोठे येत होते. पट्टी मी उचललीच नाही. आमच्या दोघांच्या फेऱ्या कोपऱ्यावर भेटायच्या, तेव्हा तिचा टाका माझ्या टाक्याशी अशा जागी येऊन थांबायचा की जोड शोधावा लागे. ती मध्येच शेळीमागं उठून जायची, आल्यावर कुठं होतो हे न बघता सुई तिथंच घालायची. दुपारी आईनं भाकरी आणून दिली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मधोमधचा कपडा खाली बसला होता. मी तळवा ठेवला. भुईसारखा सपाट.

दिवस मावळेपर्यंत शिवून सगळं झालं नाही. मध्यावर ताटाएवढी जागा राहिली. मावशी उठली, कंबर धरून. मी म्हणालो, "उद्या सकाळी लवकर बसतो."

"घाईनं बसलास की परत पोतं शिवशील," ती म्हणाली. "कच्चे टाके तेवढे राहू दे मदी. उरलेलं तुजी आक्का शिवंल तिकडं." आणि शेळीला हाकत निघून गेली.

सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, पीठ, कोयते, दोन कोंबड्या. आक्कानं उरलेला दोरा सुईला गुंडाळून कुंकवाच्या डबीत ठेवला. मग वर चढून पोत्यांच्या मधल्या जागेत गोधडी अंथरली आणि बाळाला तिच्यावर ठेवलं. मी ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन बघत होतो. बाळानं पाय झाडले, तोंड वाकडं केलं. आता रडणार असं वाटलं. आक्कानं हात बाळाच्या पाठीखाली घातला, इकडून तिकडे फिरवला.

"टोचत न्हाई काई," ती म्हणाली. "ट्रॅक्टरला भिऊन करतंय त्ये."

ट्रॅक्टर हलला. वळणापर्यंत बाळाचा आवाज येत होता, मग नुसत्या इंजिनाचा राहिला. वळणावर आक्कानं ट्रॉलीतून हात वर केला, आणि तोंडावर बोट ठेवून मला खूण केली, की झोपलं.